इतर हक्क : वसईची जुनी घरे आणि एक जागेचा दलाल

वसईच्या गावांत जागेच्या दलालाविषयी चार चांगले शब्द बोलणारा माणूस सहसा भेटत नाही. वाडी गेली, विहीर बुजली, शेजार मोडला, की त्याचा दोष दलालाच्या माथी मारावा आणि आपण मोकळे व्हावे, अशी आपली रीतच होऊन बसली आहे. अशा परिस्थितीत, गेली तीसएक वर्षे घरांचे आणि जमिनींचे व्यवहार करणारा एक गृहस्थ वसईच्या जुन्या घरांवर जिवापाड प्रेम करतो, असे आम्ही म्हटले तर वाचक हसतील. एके काळी आम्हीही हसलो होतो. आज मात्र आम्हांस त्या हसण्याची लाज वाटते. असे का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

हे गृहस्थ आमच्याच धर्मग्रामातले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे नाव येथे देत नाही. गिऱ्हाइकाला घर दाखवावयास नेले म्हणजे ते प्रथम क्षेत्रफळ सांगत नाहीत. त्याला ओट्यावर बसवतात, घरातून पाण्याचा तांब्या मागवतात, आणि मग घर कोणी बांधले, कौले केव्हा बदलली, मागच्या विहिरीवर कोणकोण पाणी भरते, हे सांगू लागतात. त्यांच्या धंद्यातली तरुण मंडळी त्यांना यावरून नावे ठेवतात. गिऱ्हाईकही कित्येकदा घड्याळाकडे पाहू लागते. पण त्यांचा क्रम बदलत नाही. गेल्या मे महिन्यात त्यांच्यासोबत आम्ही काही संध्याकाळी नंदाखाल, निर्मळ, गास, सांडोर आणि पापडी या बाजूला हिंडलो. त्या हिंडण्यात जे पाहिले आणि त्यानंतर जे वाचले, त्याची ही नोंद आहे.

घरांचा इतिहास सांगावयाचा तर वसईत तो किल्ल्यापासूनच सुरू करावा लागतो. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढील दोनशे वर्षांत किल्ल्याच्या तटाआत एक श्रीमंत शहर उभे राहिले. १६७५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर येथे आला होता. त्याने येथील दुमजली घरे, त्यांचे आच्छादित सज्जे आणि काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसविलेल्या मोठाल्या खिडक्या यांचे वर्णन करून ठेवले आहे. वसईच्या दगडाची कीर्ती तर दूरवर होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिका १६०५ मध्ये पवित्र करण्यात आली. तिच्या दर्शनी भागातील कोरीव कामासाठी येथला काळा दगड जहाजाने नेण्यात आला होता. गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जाणाऱ्या वसईकराने त्या भिंतीवर हात ठेवला, तर तो आपल्याच मातीवर ठेवल्यासारखा आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. पोर्तुगीज कुटुंबे आपली चीजवस्तू घेऊन निघून गेली. या वेढ्याच्या कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु एका गोष्टीकडे आमचे लक्ष या दलाल गृहस्थांनी वेधले. किल्ल्यातील पडक्या भिंतींपाशी उभे राहून ते म्हणाले, “तोफांनी तट फुटला असेल. पण ही घरे तोफांनी नाही पडली. माणसे गेली म्हणून पडली.” इतिहास पाहता त्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. मराठ्यांच्या नंतर १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, तो पुन्हा मराठ्यांकडे गेला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही येथेच. राजकारण चालू राहिले, पण तटाआतील घरांत दिवा लावणारे कोणी उरले नाही. छप्पर गळू लागले, वासे कुजले, भिंतींत वड-पिंपळ रुजले. एकोणिसाव्या शतकात तर किल्ल्यातील जमिनीवर ऊस लावून साखर काढण्याचा प्रयोगही झाला. आज हा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. परंतु त्या दुमजली घरांपैकी राहते असे एकही घर नाही.

उलट, तटाबाहेरच्या गावांतील आपले पूर्वज कोठेच गेले नाहीत. सामवेदी असोत, वाडवळ असोत, कोळी असोत, ती सारी कुटुंबे आपापल्या वाड्यांत आणि बंदरांवर राहिली. श्रद्धा सांभाळली आणि शक्य तेथे देवळेही सांभाळली. त्यांची घरे किल्ल्यातल्या घरांपेक्षा पुष्कळ लहान होती. माती, कूड, विटा आणि लाकूड यांची ती घरे दगडी हवेल्यांपेक्षा अधिक काळ जगली, कारण दर पावसाळ्यापूर्वी त्यांच्या कौलांवर कोणीतरी चढत होते आणि दर सणाला त्यांच्या भिंतींना कोणीतरी चुना लावत होते.

या दोन संस्कृतींचा दुवा आपल्या घराच्या भाषेतच सापडतो. ज्या चावीने आपण दार उघडतो ती ‘चावी’, दार ज्यावर फिरते ती ‘बिजागरी’, विहिरीवरची ‘बालदी’, गवंड्याचे ‘घमेले’ हे शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. ‘लिलाव’ हा शब्दही तेथूनच आला. चावी आणि लिलाव हे दोन्ही शब्द एकाच जहाजातून उतरले असावेत, असे हे गृहस्थ गमतीने म्हणतात.

आता वाडीतल्या घराकडे वळू. समोर अंगण, अंगणात वा वाटेच्या कडेला क्रूस, ज्याला आपण बोलीत खुरीस म्हणतो. मग ओटा आणि पडवी. आत माजघर, तेथे भिंतीशी वेदी, तिच्यावर पवित्र हृदयाची आणि मारियेची तसबीर. मागे स्वयंपाकघर, वर माळा, परसात विहीर आणि त्यापुढे वाडी. पूर्वी छपरावर नळीची कौले असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि त्यानंतर ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौले कोकण किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. एका मिशनने बनविलेल्या कौलाखाली दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपमाळ म्हटली, हाही इतिहासाचा एक आनंददायक प्रकार म्हणावयाचा.

घराची ही मांडणी हौसेने ठरलेली नव्हती. ती वाडीच्या कामाने ठरली होती. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीचे आणि ती भिजविणाऱ्या राहाटांचे वर्णन आहे. आगाशीच्या सुक्या केळ्यांचाही उल्लेख त्यात आहे. पानवेल, केळी, फुले आणि भाजी यांना रोज पाणी लागे, रोज खुडणी लागे, आणि खुडलेला माल पहाटेच्या आत बांधून तयार व्हावा लागे. म्हणून पडवी मोठी. तेथे रात्री कंदिलाच्या उजेडात पाने मोजली जात, फुलांचे पुडे बांधले जात. म्हणून विहीर परसात आणि वाडी विहिरीपलीकडे. घरांचे जोते उंचावण्यासाठी आणि वाडीत भर घालण्यासाठी जेथून माती काढली, तेथे पावसाचे पाणी साठून बावखले झाली, असे जुनी माणसे सांगतात. ही बावखले पाणी मुरवीत आणि विहिरी गोड्या ठेवीत. समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात गोड्या पाण्याचे मोल काय, ते उपसा वाढून विहिरी मचूळ झाल्यावर आपणांस कळले.

घर एकट्याने उभे राहत नाही, त्याला शेजार लागतो. लग्नाचा मांडव एका अंगणात मावत नसे, म्हणून तो दोन अंगणांवर पडे. पाहुणे तीन घरांत उतरत. कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर त्या घरात चूल पेटण्यापूर्वी शेजारून जेवण येई. मे महिन्यात खुरसापुढे लादीन म्हटली जाई, तेव्हा प्रसादाचे चणे कोणी द्यावयाचे याची पाळी ठरलेली असे, आणि ती पाळी कोणी कागदावर लिहून ठेवल्याचे आम्हांस आठवत नाही. शाळेतून येणारे मूल रस्त्यात रेंगाळले, तर कोणत्याही ओट्यावरची कोणतीही आजी त्याला दटावू शकत असे. अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये शहरांवर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे प्रतिपादन केले, की रस्त्याची सुरक्षितता पोलिसांपेक्षाही, घरांतून आणि दुकानांतून रस्त्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांवर अवलंबून असते. न्यूयॉर्कच्या एका गल्लीत राहून त्यांनी जे ओळखले, ते आपल्या आळीतल्या आजीबाईंनी आयुष्यभर आचरले होते.

हे सर्व असताना घरे विकली का जाऊ लागली? सोपे उत्तर, बिल्डर आले म्हणून. परंतु बिल्डर येण्यापूर्वी बऱ्याच गोष्टी घडल्या होत्या.

जमीन कागदावर उतरविण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत गावे आणि वाड्या वार्षिक खंडावर दिल्या जात. त्या खंडास ‘फोरो’ म्हणत. १५५४ मध्ये सिमांव बोटेल्यो या अधिकाऱ्याने अशा उत्पन्नाची सविस्तर नोंदवही तयार केली. त्या काळी मुंबई बेटही वसईच्याच अंमलाखाली होते आणि ते गार्सिया द ओर्ता या नामवंत वैद्याकडे अशाच खंडावर होते. इंग्रजी अमलात मोजणी झाली आणि पुढे आजचा सातबारा उतारा आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबल्या होत्या, त्यांच्या नावावर वाडी चढली. हा न्यायच होता. पण विकण्याचा हक्क हा मालकीचाच एक भाग असतो, आणि तो हक्कही त्याच वेळी प्राप्त झाला.

दुसरीकडे आगगाडी जवळ येत होती. १८६४ मध्ये मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग वसईवरून सुरू झाला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. या गाडीने आधी आपली पाने, फुले आणि भाजी मुंबईला नेली. मग आपली मुले नोकरीला नेली. शेवटी तिने मुंबईची माणसे येथे राहावयास आणली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानंतर मुंबईत मोकळी जमीन मिळणे अवघड झाले आणि उत्तरेकडच्या स्थानकांभोवती इमारती उठू लागल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला. १९९० मध्ये या विभागासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. नंदाखालच्या या सुपुत्राने पुढे २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि २५ जुलै २०२४ रोजी आपला निरोप घेतला. त्या आंदोलनाने आपल्याला पाणी, झाड आणि माती यांच्याविषयी बोलण्याची भाषा दिली. तरीही शहर वाढतच राहिले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला.

दलाल हा याच काळाचा पुत्र. पूर्वी जमिनीचा सौदा गावातील कोणीतरी वडीलधारा मध्यस्थ जमवून देई आणि त्याबद्दल त्याला जेवण व उपरणे मिळे. स्थानकाजवळ इमारती उभ्या राहिल्या तसा हा मध्यस्थ धंदेवाईक झाला. टपरीवजा खोलीत टेबल-खुर्ची टाकून, बाहेर पाटी लावून बसू लागला. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचा अंमल सुरू झाला आणि नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतील सदनिका विकणाऱ्या दलालांना नोंदणी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये त्यांच्यासाठी परीक्षाही आली. आमच्या या गृहस्थांनी ती परीक्षा उतारवयात दिली आणि उत्तीर्ण झाल्याचे पेढे आणून दिले. “परीक्षेत सगळे विचारले,” ते म्हणाले. “शेजाऱ्याविषयी एकही प्रश्न नव्हता.”

येथवर जे सांगितले ते बाहेरचे कारण. आतले कारण सांगणे अधिक कठीण आहे.

भारतीय वारसा कायदा १९२५ आपणां ख्रिस्ती लोकांस लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेस एक तृतीयांश आणि उरलेली मालमत्ता सर्व अपत्यांस समान, अशी त्यातील वाटणी आहे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. कायदा उत्तम आहे आणि तो तसाच असावा. परंतु एका घराचे तीन पिढ्यांत पंधरा वाटेकरी होतात. त्यांतले काही वाडीत, काही मुंबईत, काही आखातात, काही कॅनडात. घराची दुरुस्ती एकट्याने करावयाची आणि मालकी पंधराजणांची, असे झाले की कौले बदलली जात नाहीत. किल्ल्यातील घरांचे जे झाले तेच मग आपल्या डोळ्यांसमोर लहान प्रमाणावर होऊ लागते. माणसे निघून जातात आणि घर पडू लागते. पडू लागलेले घर विकणे सोपे जाते. बिल्डर बहुधा या वेळी येतो. दलाल त्याच्या आधी येतो, कारण आपणच त्याला बोलावलेले असते.

आमच्या आजोबांचे घर १९९८ मध्ये विकले गेले. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांताची स्थापना झाली, पापडीच्या कृपामातेच्या देवळास कॅथेड्रलचा मान मिळाला आणि साऱ्या वसईत आनंदीआनंद होता. त्याच पावसाळ्यात आम्ही अकरा वाटेकऱ्यांनी कागदांवर सह्या केल्या. व्यवहार याच गृहस्थांनी जमविला होता. घर पाडले जाणार हे सर्वांना ठाऊक होते. सह्यांच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “काका, एक कलम राहिले आहे. मागच्या विहिरीवर शेजारच्या मावशी गेली चाळीस वर्षे पाणी भरतात. त्यांचा हक्क दस्तात लिहून घ्या. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, तो त्याचसाठी आहे. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. पण कागदावर नसेल, तर त्या कोर्टात कशाला जातील?”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. १८८२ चा वहिवाट हक्काचा कायदा आहे, आणि वीस वर्षे अखंड, उघडपणे, हक्काने केलेल्या वापरास तो मान्यता देतो. परंतु आमच्यातील काहींना वाटले की असे कलम घातले तर घेणारा किंमत पाडील. आम्हांलाही तसेच वाटले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आत्याने एकदाच विचारले, “विहिरीचे काय?” तिला आम्ही सांगितले, की बोलणी झाली आहेत. बोलणी झालेली नव्हती. कलम घातले गेले नाही. दिवाळीपूर्वी भिंत उभी राहिली आणि विहीर भिंतीच्या पलीकडे गेली. काही महिन्यांनी ती बुजविली गेली.

मावशींनी आम्हांस कधी एक शब्द बोलून दाखविला नाही. पुढील नाताळास नेहमीप्रमाणे त्यांच्याकडून फराळाचे ताट आले. त्या वर्षापासून त्या सार्वजनिक नळावरून पाणी आणीत असत, आणि तो नळ वाटेच्या दुसऱ्या टोकाला होता. आपण दलालांना दोष देतो तेव्हा आम्हांस ते ताट आठवते. आमच्या व्यवहारात शेजाऱ्याची बाजू मांडणारा एकच माणूस होता, आणि तो दलाली घेणारा होता.

सातबाऱ्याच्या त्या रकान्याविषयी आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव असते, क्षेत्र असते, आकारणी असते. गाव नमुना बारामध्ये पीक असते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, कर्जाचा बोजा, क्वचित विहिरीतील हिस्सा असे काही नोंदलेले असते. सिमांव बोटेल्योच्या नोंदवहीपासून आजच्या संगणकीय उताऱ्यापर्यंत प्रत्येक राजवटीने आपली जमीन मोजली. पण ओट्यावर विसावा घेण्याचा वाटसरूचा हक्क, परसातून देवळाकडे जाणारी पायवाट, दोन अंगणांवर पडणारा मांडव, यांची नोंद कोणी केली नाही. नोंद नसलेली वस्तू विकली जात असताना दिसत नाही. घराबरोबर शेजारही विकला जातो, आणि त्याचे पैसे कोणालाच मिळत नाहीत.

ही केवळ वसईची गोष्ट नाही. मुंबईत गिरगावच्या खोताची वाडीत ईस्ट इंडियन आणि इतर कुटुंबांची लाकडी जिन्यांची, सज्ज्यांची घरे आहेत. त्यांची संख्या गेल्या काही दशकांत निम्म्याहून कमी झाली. जी टिकली ती मुख्यतः तेथे राहणाऱ्यांच्या चिकाटीने. वेशभूषाकार जेम्स फरेरा यांच्यासारखे रहिवासी आपल्या घरात राहूनच त्या वाडीसाठी बोलत आले आहेत. अशा ठिकाणांवरून एक धडा मिळतो. घर जपावयाचे तर त्यात कोणीतरी राहावे लागते, आणि राहणाऱ्याला ते परवडावेही लागते. जुने तेवढे सोने, असे आम्ही म्हणत नाही. गळक्या छपराखाली म्हातारपण काढणे सोपे नसते, आणि ज्यांना मुलीच्या शिक्षणासाठी किंवा आजारासाठी घर विकावे लागले, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार कोणाला नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की विकताना आपण काय विकत आहोत, हे आपल्याला ठाऊक असते काय?

आमच्या दलाल गृहस्थांजवळ एक जाड वही आहे. त्यांनी ज्या ज्या जुन्या घराचा व्यवहार केला, त्याचे एक पान तीत आहे. घर कोणी बांधले, सुतार कोठला, कौले कोणती, विहिरीवर कोण पाणी भरत, कोणाच्या अंगणात लादीन होई, झाडे कोणती, वाट कोणत्या बाजूने. पानाच्या माथ्यावर त्यांनी प्रत्येक ठिकाणी दोनच शब्द लिहिले आहेत : इतर हक्क. आमच्या आजोबांच्या घराचे पानही आम्ही पाहिले. मावशींचे नाव तेथे आहे. दस्तात जे आम्ही लिहू दिले नाही, ते त्यांनी त्या वहीत लिहून ठेवले होते.

हिंडण्याच्या शेवटच्या संध्याकाळी ते आम्हांस स्वतःच्या घरी घेऊन गेले. घर जुने, पडवी मोठी, परसात विहीर. त्यांची भावंडे चार, दोघे परदेशी. घर विकावे असे त्यांच्यापैकी तिघांचे म्हणणे आहे, आणि त्यांचीही कारणे खोटी नाहीत. शेकडो कुटुंबांच्या वाटण्या ज्यांनी जमविल्या, त्यांना स्वतःच्या घराची वाटणी जमत नाही. वहीत आपल्या घराचे पान त्यांनी अजून लिहिलेले नाही. विचारले तेव्हा म्हणाले, “ज्या घराचे पान लिहिले ते घर गेले, असाच आजवरचा अनुभव. म्हणून हात धजत नाही.”

आम्हांस वाटते, येथे त्यांची चूक होते आहे, आणि ही चूक सुधारणे आपल्या हातात आहे. पान घर विकताना लिहावयाचे नसून घर नांदते असताना लिहावयाचे असते. आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या आहेत; घरोघरी पेटीच्या तळाशी जुने दस्त आणि घरपट्टीच्या पावत्या आहेत; आणि अजून ज्यांना सारे आठवते अशी माणसे काही ओट्यांवर बसलेली आहेत. या तीन साधनांवरून प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराचे एक पान लिहावे. विहीर, वाट, खुरीस आणि शेजारी यांची नावे त्यात असावीत. बावखल असेल तर त्याची जागा दाखवावी. मुलांनी घराचे छायाचित्र काढून त्याला जोडावे. आणि पुढे कधी विकण्याची वेळ आलीच, तर सही करण्यापूर्वी ते पान वकिलापुढे ठेवावे आणि त्यातील जे जे दस्तात घालता येईल ते घालावे, किंमत थोडी कमी आली तरी.

मावशी आता हयात नाहीत. जेथे विहीर होती तेथे आज इमारतीचे वाहनतळ आहे. गेल्या महिन्यात आम्ही आजोबांच्या घराचे पान लिहिले. त्यात विहिरीची नोंद केली, मावशींचे नाव घातले, आणि कलम का घातले गेले नाही तेही लिहिले. आमच्या नातवंडांनी ते वाचावे अशी आमची इच्छा आहे. एक प्रत त्या गृहस्थांना नेऊन दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली, वहीत ठेवली, आणि मग बराच वेळ आपल्या पडवीकडे पाहत बसले.